हेगच्या पेटीतली बैरंग पत्रं

फ्रान्समधल्या लील शहरातून ३१ जुलै १६९७ रोजी जाक सेनाक नावाच्या माणसाने हेगमधल्या आपल्या नात्यातल्या भावाला पत्र लिहिलं. भावाचं नाव प्येर ल पेर, धंद्याने व्यापारी. काम तसं रुक्षच होतं. दानिएल ल पेर नावाचे एक गृहस्थ डिसेंबर १६९५ मध्ये हेगला वारले होते आणि त्यांच्या मृत्यूच्या नोंदीची रीतसर साक्षांकित नक्कल सेनाकला हवी होती. काही आठवड्यांपूर्वीही त्याने याच कामासाठी लिहिलं होतं, म्हणून आता ही आठवण. खुशालीच्या चार ओळी घालून त्याने कागदाची घडी घातली, ती बंद केली आणि पत्र टपालात दिलं.

पत्र हेगला पोचलं. प्येर ल पेरच्या हातात मात्र ते पडलं नाही. ते पहिल्यांदा वाचलं गेलं तीनशेहून अधिक वर्षांनी, आणि तेही घडी न मोडता.

दप्तरखान्यातलं धन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सनदा, तहनामे, राजमुद्रा येतात. मी गेली काही वर्षं मोडी कागद वाचतो, आणि माझ्याही डोळ्यांसमोर तेच येत असे. हेगच्या पेटीने माझी ही समजूत बदलली. तिथे धन ठरलं ते टपालाच्या हिशेबात बुडीत खाती जमा झालेलं टपाल. ते टिकलं कसं आणि वाचलं गेलं कसं, या दोन्ही गोष्टी सारख्याच मोलाच्या आहेत, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर मांडतो.

पेटी कशी भरली

आपल्याकडे जुन्या माणसांना 'बैरंग' हा शब्द चांगला ठाऊक आहे. तिकीट न लावलेलं पत्र पोस्टमन घेऊन येई, आणि ज्याच्या नावाने ते असेल त्याने दंडासह पैसे मोजले तरच हातात देई. 'बेअरिंग' या इंग्रजी शब्दाचं आपल्या जिभेवर झालेलं हे रूप. आपल्यासाठी बैरंग पत्र म्हणजे अपवाद, थोडी नामुष्कीच. सतराव्या शतकातल्या युरोपात मात्र सगळी टपालव्यवस्था जवळपास याच तत्त्वावर चाले. पत्र लिहिणारा पैसे देत नसे, घेणारा देई. आधी पैसे भरून तिकीट चिकटवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये सुरू झाली ती १८४० साली, म्हणजे कितीतरी नंतर.

या पद्धतीत टपाल चालवणाऱ्याची एक अडचण होती. पत्र आणण्याचा खर्च होऊन गेलेला असे, आणि घेणारा सापडला नाही, मेला, गाव सोडून गेला किंवा सरळ 'नको' म्हणाला, की तो खर्च बुडाला. अशी पत्रं बहुतेक ठिकाणी नष्ट केली जात. कागदाची रद्दी जागा अडवते, आणि दुसऱ्याचं पत्र सांभाळून कुणाला काय मिळणार?

हेगचे पोस्टमास्तर सिमों द ब्रिएन आणि त्यांची पत्नी मारी यांनी मात्र ती ठेवली. मारीसुद्धा पोस्टमास्तरीण म्हणून कामात बरोबरीने होती. हेग तेव्हाही डच राजकारणाचं केंद्र होतं, परदेशी वकील, व्यापारी, नट, गवई, आश्रयाला आलेली माणसं यांची तिथे सतत ये-जा असे. युरोपभरातून येणाऱ्या टपालात काही पत्रं धन्याविना उरत. ब्रिएन दांपत्य ती एका पेटीत टाकत गेलं. कधीतरी कुणी येईल, पत्र मागेल आणि टपालखर्च देऊन जाईल, हा हिशेब. म्हणून या पेटीला डच भाषेत 'स्पारपोट्ये' असं लाडकं नाव पडलं. स्पारपोट्ये म्हणजे आपला पैसे साठवायचा गल्ला.

गल्ल्यातून पैसे काही निघाले नाहीत. १६८९ ते १७०६ या काळातली पत्रं तशीच साचत राहिली. पुढे नवराबायको दोघंही गेले, पेटी उरली, आणि १९२६ साली ती हेगच्या टपाल संग्रहालयात आली.

या पेटीची तुलना इतिहासाच्या नेहमीच्या कागदांशी करून पाहा. घराण्याच्या दप्तरात कागद राहतात ते कुणीतरी निवडलेले. वतनाचा दाखला राहतो, भाऊबंदकीत जिंकलेला निवाडा राहतो, हरलेला बहुधा राहत नाही. लाजिरवाणी पत्रं चुलीत जातात. ब्रिएनच्या पेटीत निवड झाली ती फक्त नशिबाने, म्हणजे ज्यांचं पत्र चुकलं, त्यांचं राहिलं. त्यामुळे तिथे राजदूताशेजारी शेतमजूर बसला आहे आणि हेराशेजारी छापखानेवाला. व्यापारी, नट, संगीतकार, उमराव, जेमतेम अक्षर गिरवता येणारी माणसं, असे सगळे एका पेटीत. भाषा फ्रेंच, डच, स्पॅनिश, इटालियन, लॅटिन. अर्धशिक्षितांनी शब्द जसे तोंडात येतात तसे कागदावर उतरवलेले. छापील ग्रंथांतून त्या काळची बोली ऐकू येत नाही, ती इथे ऐकू येते.

पत्रं इतकी चुकत का होती, याचं उत्तरही त्या काळातच आहे. १६८५ साली चौदाव्या लुईने नांतचा फर्मान रद्द केला आणि फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना धर्माचं संरक्षण उरलं नाही. हजारो कुटुंबं फुटली. कुणी हॉलंडला गेलं, कुणी इंग्लंडला, कुणी मागे राहिलं. त्यातच १६८८ ते १६९७ असं एक मोठं युद्ध, आणि १७०१ पासून स्पेनच्या गादीसाठी दुसरं. माणसं पत्त्यावर टिकत नव्हती. मागे राहिलेली आई हेगच्या पत्त्यावर लिहिते आणि मुलगा तोवर तिथून पुढे निघून गेलेला असतो, असा तो काळ.

'नको'

पेटीतलं एक पत्र माझ्या मनातून जात नाही. ते लिहिलं आहे एका बाईने, आपल्या मैत्रिणीच्या वतीने. मैत्रीण हेगच्या ऑपेरात गाणारी, आता पॅरिसला निघून गेलेली. पत्र जातं हेगमधल्या एका सधन ज्यू व्यापाऱ्याकडे. गायिकेच्या हताशेचं खरं कारण तुम्हाला सहज ओळखता येईल, मला याहून जास्त लिहिता येत नाही, ती परत येऊ शकते आणि ते तुमच्याच हातात आहे, असा त्याचा आशय. स्पष्ट शब्द एकही नाही, पण अभ्यासकांनी अर्थ लावला तो असा की ती गरोदर होती आणि मूल त्याचं असावं.

पत्रावर टपालवाल्याची डच नोंद आहे: 'नीत हेबेन'. घ्यायचं नाही.

टपालखर्च वाचवायला त्याने नाही म्हटलं, की कुणाचं पत्र आहे हे ओळखून, ते या दोन शब्दांवरून सांगता येत नाही. पण ते दोन शब्द पत्राइतकेच बोलतात. पत्र पोचलं असतं, तर ते वाचून बहुधा जाळलं गेलं असतं आणि त्या गायिकेचा मागमूस राहिला नसता. नाकारलं गेलं म्हणूनच ते आज आहे.

तशी या पेटीची पुन्हा दखल घेतली गेली तीही संगीतामुळेच. संगीताच्या इतिहासाची अभ्यासक रिबेका आरेन्ट या संग्रहापर्यंत पोचली, आणि नंतर डेव्हिड व्हान डर लिंडन, नादीन आकरमान, डॅनिएल स्टार्झा स्मिथ, जॅना डॅम्ब्रोजिओ असे वेगवेगळ्या विषयांतले लोक एकत्र आले. त्यांच्या प्रकल्पाची बातमी नोव्हेंबर २०१५ मध्ये जगभर पसरली. पेटी १९२६ पासून संग्रहालयातच होती, हरवलेली नव्हती. तिला योग्य प्रश्न विचारणारं कुणी यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली, एवढंच. आपल्या गावोगावच्या दप्तरांबद्दल मी हे नेहमी सांगतो. कागद कपाटात आहेत याचा अर्थ ते सापडले आहेत असा होत नाही.

उघडावं की नाही

मोजदाद झाली तेव्हा आकडे असे निघाले: २,५७१ उघडलेली पत्रं व तुकडे, आणि ५७७ पत्रं अशी की त्यांची घडी कधीच उघडली गेली नव्हती.

या ५७७ चं करायचं काय, हाच या प्रकरणाचा गाभा. उघडणं अवघड नव्हतं. कुशल हात, थोडा दमटपणा, पातळ पट्टीचं हत्यार, आणि मोहोर सुटली असती. आत काय लिहिलं आहे ते कळलं असतं. पण मग मोहोर तुटली, घडीची वळणं सपाट झाली, कागद कुठे कापला, कुठून ओवला, कुठे चिकटवला हे सगळं कायमचं गेलं. न उघडलेलं सतराव्या शतकातलं पत्र एकदाच उघडता येतं.

इथे माझीच एक चूक सांगतो. मोडी शिकायला लागून दुसरं वर्ष असेल. एका जुन्या घरातल्या लाकडी पेटीत कागदाची एक चिकटून बसलेली घडी मिळाली. घरच्यांना आत काय आहे याची उत्सुकता, त्याहून जास्त मला. वाफ देऊन सोडवू, असं मीच म्हटलं. काजळीची शाई डिंकात कालवलेली असते, ओल लागली की सुटते, हे मी वाचलेलं होतं. तरी केलं. घडी सुटली, पण दोन ओळी समोरच्या भागावर उतरल्या आणि त्यांचा काळा ढग झाला. वाचता आलं ते मायना, तिथी आणि शेवटचं 'बहुत काय लिहिणे'. मधला मजकूर माझ्या हाताने गेला. त्या घरातल्या आजोबांनी मला बोल लावला नाही, आणि म्हणूनच ते जास्त सलतं.

त्यामुळे ५७७ पत्रं समोर असताना हात आवरणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. १९२६ पासूनच्या प्रत्येक संग्राहकाला ती उघडता आली असती.

घडीचं कुलूप

हात आवरण्यामागे निव्वळ सावधगिरी नव्हती, एक शोधही होता. जॅना डॅम्ब्रोजिओ ही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ग्रंथालयात कागदजतनाचं काम करते. २००० साली व्हॅटिकनच्या दप्तरखान्यात काम करत असताना तिला जुन्या कागदांवर बारीक चिरा आणि कापलेले कोपरे दिसले. कुणीही म्हणालं असतं, कागद फाटला आहे, दुरुस्त करा. तिच्या लक्षात आलं की ही इजा नसून पत्र बंद करण्याची तजवीज आहे. या विद्येला तिने 'लेटरलॉकिंग' असं नाव दिलं.

पाकिटं एकोणिसाव्या शतकात सर्रास झाली. त्याआधी पत्राचा कागद हाच पत्राचा लिफाफा. आपल्याला हे समजायला फार लांब जावं लागत नाही. निळं आंतरदेशीय पत्र आठवा. लिहायचं, तीन घड्या घालायच्या, कडेची पट्टी चिकटवायची, वर पत्ता. घाईघाईत फोडलं की कडेला कोंबून लिहिलेल्या ओळीचा तुकडा पट्टीबरोबर जायचा. सतराव्या शतकातली माणसं हेच करत होती, फक्त त्यांच्याकडे प्रकार शेकड्याने होते. कुणी कागदाची पट्टी कापून ती चिरेतून ओवी, कुणी दोऱ्याने शिवी, कुणी नुसती घडीत घडी खुपसून वर मोहोर करी. घडी न फाडता पत्र उघडताच येऊ नये, आणि कुणी उघडलं तर घेणाऱ्याला कळावं, हा उद्देश. स्कॉटलंडच्या मेरी राणीने ८ फेब्रुवारी १५८७ रोजी, शिरच्छेदाच्या काही तास आधी, फ्रान्सचा राजा असलेल्या आपल्या दिराला लिहिलेलं शेवटचं पत्र असंच पट्टी ओवून बंद केलेलं आहे. त्या रात्रीही तिने कुलपाला वेळ दिला.

आपल्याकडेही ही काळजी होतीच, तऱ्हा वेगळी. 'लखोटा' या शब्दातच लाख आहे. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असं मोर्तब असे, म्हणजे पत्राची हद्द इथे संपली, यापुढे कुणी काही घुसडलं तर ते खोटं. मजकूर वाचला, नक्कल केली आणि मोर्तबाकडे पाहिलंच नाही, तर अर्धाच कागद वाचला असं मी मानतो.

डॅम्ब्रोजिओ आणि सहकाऱ्यांनी सुमारे २,५०,००० पत्रांच्या पाहणीतून या कुलपांचं वर्गीकरण केलं. पण पाहणीतली बहुतेक पत्रं उघडलेली, सपाट केलेली, कित्येकदा पुस्तकात बांधलेली. कुलूप जसंच्या तसं पाहायला मिळणं हे दुर्मीळ, आणि ब्रिएनच्या पेटीत अशी ५७७ एका ठिकाणी होती. म्हणून ती उघडणं म्हणजे त्यातला अर्धा खजिना खर्चून उरलेला अर्धा मिळवणं झालं असतं.

दातांच्या यंत्रातून

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात ग्रॅहॅम डेव्हिस आणि डेव्हिड मिल्स यांच्याकडे क्ष-किरणांचं एक अतिसूक्ष्म स्कॅन करणारं यंत्र होतं. ते बांधलं होतं दातांतल्या खनिजांचा अभ्यास करायला. दाताच्या आत खनिज कुठे कमी, कुठे जास्त, यातला अगदी बारीक फरक ते टिपू शकतं. तोच गुण इथे कामी आला. त्या काळची युरोपी शाई मायफळ आणि हिराकस यांची. हिराकशीत लोह असतं. कागदात ते नगण्य. म्हणजे क्ष-किरणांना जिथे लोह दिसलं, तिथे अक्षर.

स्कॅन झाला, पण हातात आलं ते काय? घडीचं एक त्रिमितीय चित्र, ज्यात कागदाचे थर एकमेकांना दाबून बसलेले आणि प्रत्येक थरावरची अक्षरं एकमेकांत मिसळलेली. आठपदरी घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर लख्ख उजेड टाकून सगळी पानं एकदम वाचायचा प्रयत्न करावा तसं. खरं कसब इथून पुढे होतं. अमांडा घासाई, हॉली जॅक्सन, एरिक आणि मार्टिन डेमेन यांच्यासह या गटाने अशी प्रणाली रचली की संगणक थर न् थर वेगळा ओळखतो, कागद कुठे वळला ते शोधतो, आणि तो पडद्यावर सपाट पसरून देतो. घडी कशी घातली होती हे त्याला आधी सांगावं लागत नाही. उलट घडीच्या खुणांचा नकाशाच तो काढून देतो. मार्च २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं, आणि प्रणालीचा कोड सर्वांना खुला ठेवला गेला.

पडद्यावर पहिल्यांदा पूर्ण उलगडलं ते डीबी-१५३८ क्रमांकाचं पत्र, म्हणजेच जाक सेनाकचं. कसरीने कागद खाल्ला होता, काही शब्द भोकांत गेले होते, तरी मजकूर लागला.

आत गुप्त खलबत निघालं नाही की प्रेमपत्र. मृत्यूचा दाखला पाठवा, एवढीच विनवणी. काहींची यावर निराशा झाली असेल. माझी झाली नाही. तलाठ्याकडे, नगरपालिकेत, कोर्टात दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या कुठल्याही मराठी घराला सेनाक ओळखीचा वाटेल. माणूस जातो, मागे कागद अडतो, आणि ज्या गावात तो गेला त्या गावातल्या नातेवाइकाला लिहावं लागतं, 'मागेही लिहिलं होतं, कृपा करून एवढं काम करावं.' आणि तेही पत्र पोचत नाही. असल्या गोष्टी राजदप्तरात सापडत नाहीत.

आपल्या रुमालांसाठी

हे वाचून पहिला विचार माझ्या मनात आला तो आपल्या कागदांचा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, थप्प्या आहेत, देवस्थानांत, वाड्यांत, जुन्या कचेऱ्यांत बासनं आहेत, आणि त्यांत ओल, वाळवी, वजनाने एकजीव झालेल्या घड्या भरपूर आहेत. हे यंत्र आणलं तर चालेल का?

सरळ चालणार नाही. आपले मोडी कागद बहुतांश काजळीच्या शाईचे. काजळी म्हणजे कर्ब, आणि कागदही मुख्यतः कर्बाचाच, त्यामुळे क्ष-किरणांना दोघांत फरक करणं कठीण जातं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेल्या, हर्क्युलेनियम या रोमन शहरातल्या लिखित गुंडाळ्यांपुढे हीच अडचण होती. तिथे २०२३ पासून संगणकाला शिकवून शाईचा माग काढायला यश येऊ लागलं आहे. म्हणजे वाट बंद नाही, लांब आहे.

तोवर काय करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. चिकटलेली घडी सोडवू नये. तिचा फोटो घ्यावा, चारही बाजूंनी, मोहोर, दोरा आणि बासनासकट. कुठल्या रुमालात, कशाच्या खाली, कशाच्या वर होती ते लिहून ठेवावं. घडी आम्लरहित कागदात कोरड्या जागी ठेवावी, वर दुसरं वजन टाकू नये. घरचे लोक विचारतात, 'अहो, पण आत काय आहे ते कळायला नको का?' त्यांना मी आता हेगची गोष्ट सांगतो, आणि त्यांना ती लगेच पटते. विशेषतः बायकांना. जपून ठेवलेली वस्तू ताबडतोब वापरलीच पाहिजे असं त्यांना सहसा वाटत नाही.

सेनाकचं पत्र आजही घडीतच आहे. मोहोर शाबूत, पत्ता वर, ल पेरच्या नावाने. आतला मजकूर पडद्यावर कुणालाही पाहता येतो. स्कॅनमध्ये कागदाच्या मधोमध एक जलचिन्हही उमटलं आहे, कागद करताना साच्यातच घातलेलं. त्यात एक पक्षी आहे.